चार चौकटींचा वाद

वर्तमानपत्रात छापून आलेली सगळ्यात चांगली कॉमिक स्ट्रिप कोणती, हा प्रश्न चार मराठी माणसांच्या घोळक्यात टाकून बघा. जेवणं झालेली असावीत, बाहेर बर्फ पडत असावा आणि कुणाला निघायची घाई नसावी. राजकारणावरचा वाद अर्ध्या तासात कडू होतो. हा होत नाही. पण संपतही नाही. आमच्याकडे ओहायोत तो वीसेक वर्षं चालू आहे. या काळात आमच्यातल्या दोघांनी घरं बदलली, एक जण कायमचा पुण्याला परत गेला, एकाने आयटी सोडून गॅस स्टेशन घेतलं. मतं मात्र कुणी बदललेली नाहीत. तुमचंही एखादं मत असेलच. ते बाजूला ठेवा असं मी म्हणत नाही, फक्त माझं आधी ऐकून घ्या.

आधी नियम, कारण निम्मा वेळ नियमांवरच जातो. स्ट्रिप म्हणजे रोजच्या पेपरात, एका आडव्या पट्टीत, तीन-चार चौकटींमध्ये सांगितलेली गोष्ट. मराठीत चित्रमालिका म्हणता येईल, पण बोलताना आम्ही सगळे स्ट्रिपच म्हणतो, तेव्हा इथेही तेच. या नियमाने अ‍ॅस्टेरिक्स बाद, अमर चित्र कथा बाद. आणि आर. के. लक्ष्मणही बाद, जे आमच्या एका वहिनींना अजिबात मान्य नाही. लक्ष्मण यांचं 'यू सेड इट' १९५१ पासून टाइम्स ऑफ इंडियात येत होतं, पण ती एकच चौकट. वहिनींचा युक्तिवाद असा, की धोतर आणि चौकड्यांचा कोट घातलेला तोच माणूस रोज सकाळी तसाच गप्प उभा असतो, म्हणजे दुसरी चौकट दुसऱ्या दिवशी येते; कित्येक वर्षांची ती एकच लांबलचक स्ट्रिप आहे. याला आमच्यापैकी कुणालाही नीट उत्तर देता आलेलं नाही. शेवटी लक्ष्मणांना आम्ही स्पर्धेतून काढून प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलं.

वेताळाचा प्रश्न याच्या उलटा. आपल्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्यांनी तो इंद्रजाल कॉमिक्समध्ये वाचला, म्हणजे पुस्तक म्हणून. पण मुळात ली फॉकचा 'फँटम' ही पेपरातली स्ट्रिप. १७ फेब्रुवारी १९३६ ला ती सुरू झाली, आणि इंद्रजालने १९६४ पासून त्याच चौकटी कापून-जुळवून आपल्या हातात दिल्या. मूळच्या 'बंगाला' देशाचं आपल्याकडे 'डेंकाली' झालं, बंगालशी घोटाळा नको म्हणून. तर तो नियमात बसतो. पण मध्यंतरी मी जुने अंक पुन्हा काढून वाचले. कवटीच्या सिंहासनावरचा गोरा माणूस आणि त्याच्या शब्दाबाहेर नसलेली जंगलातली माणसं, हे बाराव्या वर्षी खटकलं नव्हतं, आता खटकतं. लहानपणीचं प्रेम म्हणून त्याला नमस्कार. मत नाही.

माझी कसोटी अशी आहे: स्ट्रिपची परीक्षा तिच्या सर्वोत्तम दिवशी घेऊ नये, एखाद्या साध्या मंगळवारी घ्यावी. संग्रहात सगळ्याच बऱ्या वाटतात. शंभर पानं एका बैठकीत वाचली की फसलेल्या दहा-बारा मधल्यामध्ये खपून जातात. पेपरात तसं होत नाही. तिथे त्या दिवशी तेवढी एकच मिळते. शेजारी शब्दकोडं, राशिभविष्य, ब्रिजचा कॉलम. मागच्या पानावर टायरचा सेल. वाचायला दहा सेकंद लागतात आणि माणूस कामाला जातो. उद्या पुन्हा. सोमवार ते शनिवार छोटी पट्टी, रविवारी मोठी रंगीत, वर्षाला तीनशे पासष्ट. काढणाऱ्याला ताप असो, घरात लग्न असो, कुणी गेलेलं असो. तो काही आठवडे पुढचं काम करून सिंडिकेटकडे पाठवतो, सिंडिकेट ते पेपरांना विकतं, आणि प्रत्येक पेपर आपल्या सोयीने लहान करून छापतो. रविवारच्या स्ट्रिपची पहिली ओळ तर अशी काढावी लागे, की एखाद्या संपादकाने जागेसाठी ती उडवली तरी पुढची गोष्ट समजावी. तुमच्या लेखाचा पहिला परिच्छेद कुणीही, कधीही कापेल हे धरून लिहायला बसा, म्हणजे कळेल.

या कापाकापीविरुद्ध अडून बसलेला माणूस म्हणजे बिल वॉटरसन. त्याचं 'कॅल्विन अँड हॉब्स' १८ नोव्हेंबर १९८५ ला सुरू झालं. १९९१-९२ मध्ये तो नऊ महिने सुट्टीवर गेला आणि परतला तो या बोलीवर, की यापुढे रविवारची स्ट्रिप अर्ध्या पानाची आणि अखंड असेल, तिची ओळ कुणी उडवायची नाही. बरेच संपादक चिडले. छापत मात्र राहिले, कारण वाचकांनी त्यांना सोडलं नसतं. त्यानंतरचे रविवार काढून बघा. चौकटी कधी उभ्या, कधी गायब, कधी अख्खी जागा एका डायनासोरला. सहा वर्षांचा मुलगा आणि त्याचा वाघ, जो इतरांना कापडाचा दिसतो आणि त्याला जिवंत. खरा कुठला, याचं उत्तर वॉटरसनने दिलं नाही, आणि बाहुली करून विकायलाही दिला नाही. विकला असता तर उत्तर दिल्यासारखंच झालं असतं. इथल्या पिकअप ट्रकांच्या काचेवर लघवी करणाऱ्या कॅल्विनचे स्टिकर दिसतात, ते सगळे चोरीचे.

आमच्यातला एक मित्र कट्टर कॅल्विनपंथी आहे. वॉटरसन वाढला ते शग्रिन फॉल्स हे गाव क्लीव्हलँडजवळच आहे, त्यामुळे भारतातून कुणाचे आईवडील आले की मित्राचा दौरा ठरलेला: नायगारा, वॉशिंग्टन, शग्रिन फॉल्स. 'द इसेन्शियल कॅल्विन अँड हॉब्स'च्या मागच्या कव्हरवर राक्षसाएवढा झालेला कॅल्विन तिथलं पॉपकॉर्नचं दुकान उपटून हातात धरून उभा आहे. ते दुकान खरंच आहे, धबधब्याला लागून. मित्राचे सासरे तिथे दहा मिनिटं उभे राहिले, पॉपकॉर्न खाल्ले आणि म्हणाले, "म्हणजे इथे देऊळ वगैरे काही नाही?"

देऊळ म्हणायचं तर ते कोलंबसला आहे. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतली बिली आयर्लंड कार्टून लायब्ररी. वॉटरसनने आपली मूळ चित्रं तिथेच ठेवायला दिली आहेत, आणि २०१४ साली त्यांचं प्रदर्शन लागलं तेव्हा आम्ही तिघं गाडी काढून गेलो. मूळ चित्र छापलेल्यापेक्षा बरंच मोठं असतं. कुंचल्याची रेघ श्वास घेतल्यासारखी जाड-बारीक होत जाते. पेपरात ती बिचारी दबून गेलेली असते. मित्र, जो एरवी सिनेमात सुद्धा बोलतो, दोन तास काही बोलला नाही. परतीच्या वाटेवर त्याने एवढंच विचारलं, "आता तरी?"

आता तरी नाही. चित्रकार म्हणून वॉटरसनला माझ्या यादीत तोड नाही, हे मी त्याला तेव्हाच सांगितलं. पण ३१ डिसेंबर १९९५ ला त्याने हात थांबवला. दहा वर्षं, त्यातही दोन मोठ्या सुट्ट्या. त्याच वर्षाच्या पहिल्या तारखेला गॅरी लार्सनने 'द फार साइड' बंद केलं होतं. ते वर्षच कॉमिक्सच्या पानाला वाईट गेलं. दोघंही ऐन भरात असताना उठून गेले. मित्र म्हणतो, मैफल रंगलेली असताना उठायला हिंमत लागते. मान्य. पण वॉटरसनने साधे मंगळवार फार येऊच दिले नाहीत. हा गुण की पळवाट, यावर आमचे दोन हिवाळे गेले आहेत.

माझं मत चार्ल्स शुल्झच्या 'पीनट्स'ला. (हे नाव सिंडिकेटने दिलेलं. शुल्झला ते कधीच आवडलं नाही.) २ ऑक्टोबर १९५० ला सात पेपरांत सुरुवात, १३ फेब्रुवारी २००० ला शेवट, मधे १७,८९७ स्ट्रिप्स, सगळ्या एका हाताच्या. चित्रं काढायला मदतनीस ठेवला नाही. पन्नास वर्षांत मोठी सुट्टी एकदाच, पाच आठवड्यांची, पंचाहत्तरी आली म्हणून. इतक्या मंगळवारांमध्ये काही अगदीच पाणीदार आहेत, विशेषतः स्नूपीची भावंडं वाळवंटातून वगैरे यायला लागली तेव्हापासून. ते मी झाकत नाही. उतारवयात शुल्झचा हात थरथरायला लागला, आणि तो कंप रेघेत दिसतो. चार्ली ब्राऊनच्या गोल डोक्याची कड लाटेसारखी झाली. दुसऱ्या कुणाकडून गोल काढून घेता आला असता.

मी या देशात शिकायला आलो तेव्हा डिपार्टमेंटच्या लाउंजमध्ये पेपर पडलेला असे. 'डून्सबरी' मला कळायचं नाही. १९७५ साली पुलित्झर मिळवणारी ती पहिली स्ट्रिप, पण तिच्यासाठी अमेरिकन राजकारण तोंडपाठ हवं. पीनट्स कळायचं. शब्द सोपे, आणि गोष्ट जवळपास रोज एकच: एक मुलगा हरतो. बेसबॉलमध्ये हरतो, पतंग झाड खाऊन टाकतं, दर पानगळीत ल्यूसी फुटबॉल धरून बसते आणि ऐन वेळी काढून घेते. व्हॅलेंटाइनच्या दिवशी टपालपेटी रिकामी. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मैदानात उभा. ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला यात काही समजावून सांगावं लागत नाही. आणि अमेरिका मला आधी तिथे भेटली, मग रस्त्यावर. ल्यूसीचं पाच सेंटवालं मानसोपचाराचं खोकं मी लेमनेड स्टँड बघायच्या कितीतरी आधी पाहिलं. पहिल्या उन्हाळ्यात फुटपाथवर दोन पोरी टेबल मांडून सरबत विकताना दिसल्या, तेव्हा तो विनोद मला उलट्या बाजूने कळला: नक्कल आधी, अस्सल मागाहून.

मोठी माणसं त्या स्ट्रिपमध्ये दिसत नाहीत. नुसती मुलं, आणि त्यांच्या तोंडी मोठ्यांची दुःखं. एकटेपणा तिथे आहे, पण चारचौघांतला. लायनसला ब्लँकेट आहे, श्रोडरला पियानो, चार्ली ब्राऊनला काहीच नाही, आणि तरी सगळे त्याच्याच टीममध्ये खेळतात. कॅल्विनला माणसांची फारशी गरजच नाही, वाघ पुरतो. परक्या गावात नवीन आलेल्याने दोन्ही वाचून बघावं, फरक दोन दिवसांत कळतो.

माझी मुलगी इथे जन्मली, वाढली. तिला पीनट्स आवडतं, पण तिची एक तक्रार आहे आणि ती मला खोडता आलेली नाही. फ्रँकलिन. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर लॉस एंजेलिसच्या एका शिक्षिकेने शुल्झला पत्र लिहिलं, की तुमच्या मुलांमध्ये एक काळा मुलगा असावा. थोडा पत्रव्यवहार झाला आणि ३१ जुलै १९६८ ला समुद्रकिनाऱ्यावर फ्रँकलिन आला. त्या काळात हे धाडस होतं. तो गोऱ्या मुलांबरोबर एका वर्गात दिसू नये, असं म्हणणारे संपादकही निघाले. मुलगी म्हणते, ते ठीक आहे, पण त्याच्यात खोड कुठली? ल्यूसी खडूस, लायनस भित्रा, पिगपेन मळका, पेपरमिंट पॅटीला शाळेत काही येत नाही. फ्रँकलिन नुसता चांगला. नीट बोलतो, अभ्यास करतो, आजोबांबद्दल आदराने सांगतो. "बाबा, तो त्यांच्या घरी पाहुणा आहे. पाहुण्याला खोडी करायची परवानगी नसते." हे तिने दहावी-अकरावीत असताना म्हटलं. तिच्या वर्गात तेव्हा भारतीय अशी ती एकटीच होती. मी पुढे काही विचारलं नाही, पण तेव्हापासून फ्रँकलिन आला की मी जरा थांबतो.

शुल्झ शनिवारी, १२ फेब्रुवारी २००० ला रात्री गेले. रविवारचे पेपर तोवर छापून झाले होते, आणि त्यात त्यांची निरोपाची शेवटची स्ट्रिप होती.

आता तुम्ही म्हणाल, मराठीत लिहितोय आणि चिंटू कुठे?

चिंटू सुरू झाला नोव्हेंबर १९९१ मध्ये, 'सकाळ'मध्ये. प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित या दोघांचा. मी तोवर इथे आलेलो होतो, त्यामुळे मला तो पाकिटातून मिळाला. बाबा दर पंधरवड्याला पत्र पाठवत. अनेक आशीर्वाद, इकडील सर्व क्षेम, आणि घडीत पाच-सहा चिंटू, छोट्या कात्रीने कापलेले, म्हणून कडा वाकड्या. वाचून झाले की मी ते उलटे करायचो. मागे पेपरचा उरलेला तुकडा असे. 'गुरुवारी पाणीपुरवठा', एवढंच. बंद की उशिरा, ते कात्रीच्या पलीकडे. 'उपवर, गोरी, सीए' आणि पुढे काही नाही. कुणाच्या तरी दहाव्याची वेळ आणि घाट, नाव कापलेलं. त्या मागच्या बाजूमुळे चिंटू मला पुण्यातला, त्या आठवड्यातला वाटायचा. पुढे बाबांनी चिंटूची पुस्तकं पाठवली. तोच चिंटू, कागद चांगला, पण पाठीमागे आणखी एक चिंटू.

स्ट्रिप म्हणून मी त्याला कुठे ठेवतो? आमच्याकडे या प्रश्नावर सगळे एकदम मवाळ होतात, आणि मला ते आवडत नाही. आपला म्हणून सूट देणं म्हणजे त्याला लहान मुलाच्या पंगतीत बसवणं. चिंटू फार क्वचित बोचतो. पुष्कळदा शेवटची चौकट म्हणजे आईला किंवा शिक्षकांना दिलेलं चटपटीत उत्तर असतं, आणि ते काही वेळा दुसऱ्या चौकटीतच लक्षात येतं. अंधार त्यात नाही. पण एक गोष्ट त्यात आहे जी माझ्या दोन्ही अमेरिकन उमेदवारांकडे नाही: शेजार. पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, आणि शेजारच्या जोशीकाकू. मोठी माणसं दिसतात, बोलतात, रागावतात. माझी मुलगी देवनागरी वाचायला शिकली ती चिंटूवर. एका फुग्यात पाच-सात शब्द, आणि अडलं तर चित्र मदतीला. सातव्या वर्षी एक अख्खं पुस्तक अडखळत संपवून तिने जो प्रश्न विचारला, तो विनोद कळला की नाही याचा नव्हता. "हे सगळे याच्या घरी न सांगता कसे येतात? याच्या आईला आधी फोन नाही करत?" कॅल्विनच्या घरी कुणी असं येत नाही. आमच्याही नाही, आमच्या सबडिव्हिजनमध्ये प्लेडेट तीन आठवडे आधी ठरते.

इतकी वर्षं हा वाद नुसता तोंडी होता. गेल्या वर्षी त्यावर खरोखर मत द्यायची वेळ आली. आमच्या गावच्या पेपरात कॉमिक्सची दोन पानं होती, ती एक करायची ठरली, आणि काय ठेवायचं हे वाचकांना विचारलं गेलं. छापील यादी, सव्वीस नावं, दहांवर खूण करून पाठवा. यादीत 'क्लासिक पीनट्स' होतं, म्हणजे जुन्याच स्ट्रिप्स पुन्हा. शुल्झची इच्छा होती की त्यांच्यानंतर ही मुलं दुसऱ्या कुणी काढू नयेत, ती घरच्यांनी पाळली, त्यामुळे २००० पासून पेपरात जे येतं ते पुनर्मुद्रण. बायकोची लाडकी 'फॉर बेटर ऑर फॉर वर्स'ही होती. लिन जॉन्स्टनची ही कॅनडातल्या कुटुंबाची स्ट्रिप, आणि तिची खासियत अशी की त्यातली माणसं वाचकांबरोबर वयाने वाढत गेली. १९९५ मध्ये फार्ली नावाचा त्यांचा म्हातारा कुत्रा छोट्या एप्रिलला नदीतून बाहेर काढताना मेला, तेव्हा आमच्या घरी दोन दिवस स्वयंपाकाला चव नव्हती. २००८ मध्ये गोष्ट संपली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. वाढत जाणं हाच जिचा प्राण, ती एका सोमवारी एकदम तीस वर्षांनी लहान झाली. बायको तरी वाचते. म्हणते, जुने फोटो बघतोच की आपण.

मुलगी आता शिकागोला असते आणि नोकरी सांभाळून स्वतः कॉमिक काढते, फोनवर वाचायचं. मी तिला यादी फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, "बाबा, यातले निम्मे लोक मेलेले आहेत."

मी म्हटलं, मेले असतील, पण आजच्या जिवंत लोकांपेक्षा बरं काढतात.

"मग लायब्ररीतून आण आणि वाच ना. पेपरात कशाला? पानावर वीस खुर्च्या होत्या, आता दहा. त्यातल्या तीन-चारांवर फोटोला हार घालून ठेवलेत. नवीन माणूस बसणार कुठे?" आणि मग तिने माझीच कसोटी माझ्यापुढे ठेवली, जी ती जेवणाच्या टेबलावर लहानपणापासून ऐकत आली आहे. पुन्हा छापलेल्या स्ट्रिपला मंगळवार कुठून येणार? तो तर कधीच होऊन गेलेला.

मी नॅन्सीचं उदाहरण काढलं. जुनी खुर्ची आणि नवीन माणूस हेही जमतं. अर्नी बुशमिलरची नॅन्सी ही आपल्या आजोबांच्या काळातली स्ट्रिप; एप्रिल २०१८ मध्ये ऑलिव्हिया जेम्स या टोपणनावाने एक बाई ती काढायला लागल्या आणि नॅन्सीच्या हातात एकदम फोन आला, तोही खऱ्याखुऱ्या व्यसनासकट. मुलगी म्हणाली, हो, पण तिथे कुणीतरी रोज नवीन काढतंय. तू शुल्झला हात लावू देणार का कुणाला? नाही देणार.

फोन ठेवल्यावर मला राग आला होता, आणि तो तिच्यावर नव्हता. आपण इथले लोक पुनर्मुद्रणाचे फार शौकीन आहोत. आमच्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात दरवर्षी तीच भावगीतं, तोच निवेदक, तेच विनोद. दोन वर्षांपूर्वी इथल्या एका तरुण जोडप्याने स्वतः लिहिलेली एकांकिका करायची म्हटलं, तर कमिटीत चर्चा झाली की लोक येतील का. मी त्या कमिटीत होतो आणि एकांकिकेच्या बाजूने बोललो होतो. मग हा फॉर्म समोर घेऊन मी नेमकी दुसरी बाजू घ्यायची होती का?

माझा निकाल लागला तो कोलंबसच्या त्या लायब्ररीतल्या एका गोष्टीमुळे. सॅन फ्रान्सिस्कोत बिल ब्लॅकबिअर्ड नावाचा एक माणूस होता. अमेरिकेतली ग्रंथालयं पेपरांची मायक्रोफिल्म काढून मूळचे बांधीव गठ्ठे रद्दीत काढत होती, आणि मायक्रोफिल्म काळी-पांढरी, म्हणजे रविवारच्या रंगीत पानांचा खेळ खलास. ब्लॅकबिअर्डने ते गठ्ठे मागून आणायला सुरुवात केली. संस्था काढली, घर भरलं, कात्री घेऊन बसला. १९९८ मध्ये त्याचा संग्रह ओहायो स्टेटने घेतला तेव्हा तो आणायला सहा मोठे ट्रक लागले. वजन पंचाहत्तर टन, कात्रणं सुमारे पंचवीस लाख. ते सगळं आमच्या घरापासून दीड तासावर आहे. शुल्झ कुठेही जात नाहीत. त्यांच्या सगळ्या १७,८९७ पुस्तकांत मिळतात, माझ्याकडेच निम्म्या आहेत. दहा खुर्च्यांपैकी एक सोडली तर त्यांचं काय जाणार होतं?

मी पीनट्सची जागा कोरी ठेवली. खूण केली 'वॉलेस द ब्रेव्ह'वर. विल हेन्री नावाचा माणूस काढतो. रोड आयलंडच्या किनाऱ्यावरचं एक काल्पनिक गाव, कोळ्याचा मुलगा वॉलेस, त्याचा घाबरट मित्र स्पड, आणि अमिलिया ही नवीन आलेली दांडगट मुलगी. चित्रात समुद्राचं वारं आहे. आई-बाप दिसतात, बोलतात, रागावतात. शग्रिन फॉल्सवाल्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे थोडा कॅल्विन, थोडा चिंटू," आणि स्वतःच्या फॉर्मवर त्यानेही खूण केली. बायकोने तिचा फॉर्म मला दाखवला नाही.

निकाल महिन्याभराने छापून आला. पीनट्स राहिलं, पहिल्या नंबराच्या मतांनी. 'फॉर बेटर' गेलं. ब्रिजचा कॉलम गेला, आणि संपादकांना सर्वात जास्त संतापाची पत्रं आली ती त्याबद्दल. वॉलेस आला. राशिभविष्याच्या खाली, इतका लहान, की चष्मा काढून पान नाकाशी आणावं लागतं. पहिल्याच मंगळवारची स्ट्रिप बरी होती, फार काही नव्हती. मी ती कापून पाकिटात घालून शिकागोला पाठवली. चार दिवसांनी मुलीचा मेसेज आला, की मागे कुणाच्या तरी गराज सेलचा अर्धाच पत्ता आहे, सायकल दहा डॉलर लिहिलंय, तर उरलेला पत्ता काय?